सोरायसिस : दोष घराण्याचा की घशाचा?

दिवाळी अंक म्हणजे कथा, विनोद, रंगीत चित्रे आणि वर्षाचे राशिभविष्य. त्यात डॉक्टरने कातडीच्या रोगावर पाने भरावीत, हे अनारशांच्या ताटात काढ्याची वाटी ठेवण्यासारखे झाले, हे मला मान्य आहे. पण वाचकांच्या पत्रांपुढे माझा इलाज चालत नाही. या सदराकडे जी पत्रे येतात त्यांत मधुमेहाबद्दल विचारणारा गृहस्थ नाव, गाव, वय, नोकरी सगळे लिहितो. रक्तदाबवाला तर आकड्यांची वहीच जोडतो. पण एक रोग असा आहे की, त्याबद्दल विचारणारी पत्रे बहुधा निनावी असतात. खाली सही असते ती ‘एक दुःखी माता’, ‘आपली एक भगिनी’ किंवा नुसतीच ‘एक वाचक’. हा रोग म्हणजे सोरायसिस.

आणि दिवाळीलाच या पत्रांना भरती का यावी, यालाही कारणे आहेत. आमच्या बीडकडे आश्विन सरला की हवा अशी कोरडी होते की, चांगली कातडीसुद्धा तडतडते; मग जी आधीच रुसलेली आहे तिचे काय विचारावे! दुसरे असे की, अभ्यंगस्नानाला अंग उघडे पडते आणि घर पाहुण्यांनी भरलेले असते. वर्षभर लांब बाह्यांत लपलेली कोपरे आत्या-मावश्यांच्या नजरेस पडतात. तिसरे कारण सगळ्यांत मोठे. तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त सुरू होतात आणि ज्या घरात उपवर मुलगी किंवा मुलगा आहे तिथे त्या चट्ट्यांचे वजन एकदम मणभर वाढते. योगायोग असा की, जागतिक सोरायसिस दिनही याच सुमारास, २९ ऑक्टोबरला येतो.

या पत्रांतले प्रश्न फिरून फिरून दोनच. हा रोग दुसऱ्याला लागतो का? आणि हा रोग रक्तातून पुढे उतरतो का? उत्तर मात्र सगळ्यांना एका शब्दात हवे असते. पहिल्याचे देता येते : नाही. दुसऱ्याचे एका शब्दात देणे म्हणजे वाचकाची फसवणूक होईल. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी हा रोग म्हणजे काय ते पाहू. आपली कातडी दिसते तशी स्थिर नसते. तिच्या तळाशी नव्या पेशी रोज तयार होतात, हळूहळू वर सरकतात, वर येईपर्यंत पक्क्या होतात आणि शेवटी कोणाला न कळत गळून पडतात. या प्रवासाला निरोगी माणसात साधारण महिनाभर लागतो. सोरायसिसच्या जागी हाच प्रवास तीन-चार दिवसांत उरकतो. वीटभट्टीवाल्याने विटा पुऱ्या भाजण्याआधीच काढून रचायला लागावे, तशी गत होते. कच्च्या पेशींचा थरावर थर चढतो, त्यांचे चांदीसारखे पांढरे खवले दिसतात आणि खाली रक्ताचा पुरवठा वाढल्यामुळे लाल चट्टा असतो. कोपरे, गुडघे, कंबर आणि डोके ही त्याची आवडती ठिकाणे. डोक्यातल्या खवल्यांना कित्येकजण वर्षानुवर्षे ‘कोंडा’ म्हणत असतात. नखांवर शिवणाच्या अंगुस्तानावर असतात तसे बारीक खड्डे पडतात. आणि रोग्यांपैकी बऱ्याच जणांचे सांधेही धरतात; तेव्हा चट्टे आणि सकाळी ताठरलेली बोटे एकत्र दिसली, तर ‘वाताचे दुखणे वेगळे आणि कातडीचे वेगळे’ असे समजून दोन दवाखाने हिंडू नये.

नायटा, गजकर्ण, खरूज यांच्यात बुरशी असते किंवा किडा असतो. ती दुखणी एकाकडून दुसऱ्याकडे जातात. सोरायसिसच्या चट्ट्यात दुसऱ्याला लागण्यासारखे काही नसतेच. मग लोक रोग्यापासून दूर का बसतात? याचे मूळ फार जुन्या गोंधळात आहे. आपल्या आयुर्वेदाने कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले. त्यांतल्या काहींचे वर्णन, उदाहरणार्थ माशाच्या खवल्यांसारखे चट्टे उठणारे एककुष्ठ, आजच्या सोरायसिसशी जुळते. पण सगळ्यांना एकच आडनाव मिळाल्यामुळे सगळ्यांच्या वाट्याला एकच वनवास आला. युरोपातही निराळे नव्हते. तिथेही या रोगाला महारोगाच्याच नावाने ओळखत. १८४१ साली व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रा या त्वचारोगतज्ज्ञाने दोघांची कायमची फारकत केली. घरच्या घरी ओळखण्याची एक खूण सांगतो. महारोगाच्या चट्ट्याला बहुधा स्पर्श, ऊन-थंड कळत नाही. सोरायसिसच्या चट्ट्याला सगळे कळते, वर खाजही सुटते. अर्थात खात्री डॉक्टरनेच करावी. आणि महारोगसुद्धा आज औषधाने पूर्ण बरा होतो, हेही ओघाने सांगून ठेवतो. तो घटस्फोटाला कारण मानणारे कलम २०१९ साली आपल्या कायद्यातून गेले. कायदा पुढे गेला. आपल्या बैठकीच्या खोल्या अजून मागे आहेत.

आता रक्ताचा प्रश्न. हा रोग घराण्यात वावरतो, यात शंका नाही. डेन्मार्कच्या ताब्यातील फेरो नावाच्या बेटांवर गुन्नार लोमहोल्ट या डॉक्टरने सुमारे ११,००० माणसांची कातडी तपासून १९६३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात बहुतेक सर्व रोग्यांच्या नात्यागोत्यात दुसरा रोगी सापडला. पुढच्या संशोधनाने गुणसूत्रांपर्यंत माग काढला. आपल्या सहाव्या गुणसूत्रावर जनुकांची एक वसाहत आहे. शरीराच्या पहारेकरी पेशींना ‘हा आपला, हा परका’ हे ओळखायला शिकवण्याचे काम ती करते. त्यातल्या एका जनुकाचा ‘एचएलए-सी-शून्य-सहा’ नावाचा नमुना सोरायसिसच्या रोग्यांत, विशेषतः लहान वयात रोग सुरू झालेल्यांत, पुष्कळदा आढळतो. याखेरीज थोडाथोडा हातभार लावणारी साठाहून अधिक ठिकाणे आता माहीत झाली आहेत.

इथपर्यंत वाचून काही आयांनी कपाळाला हात लावला असेल. त्यांनी पुढचे आकडे जरूर वाचावेत. आई किंवा बाप यांपैकी एकाला सोरायसिस असेल, तर १०० मुलांपैकी सुमारे १४ मुलांना आयुष्यात केव्हातरी तो होतो. म्हणजे ८६ जणांना होत नाही. दोघांनाही असेल, तर आकडा ४० च्या आसपास जातो. तरीही निम्म्याहून अधिक मुले सुटतात. सगळ्यांत बोलका पुरावा जुळ्यांचा आहे. एकाच बीजातून झालेली, हुबेहूब सारखी जुळी भावंडे घ्या. दोघांची जनुके तंतोतंत एक. तरी एकाला हा रोग असताना दुसऱ्याला असण्याचे प्रमाण निरनिराळ्या पाहण्यांत १०० पैकी ३५ ते ७० एवढेच भरले. रक्तच सगळे ठरवत असते, तर हा आकडा १०० यायला हवा होता. आणि तो ‘सी-शून्य-सहा’ नमुना अंगात बाळगणाऱ्या बहुसंख्य माणसांना हा रोग जन्मात कधी होत नाही.

आमच्या जिल्ह्यात हे समजावून सांगणे सोपे जाते. बी पेरले म्हणजे पीक आले, असे बीडचा शेतकरी कधी म्हणणार नाही. जमिनीत बी पडलेले असते आणि मृगाकडे डोळे लागलेले असतात. पाऊस आला तर उगवते, नाहीतर तसेच राहते. सोरायसिसचे बी घराण्यातून येते. पण ते उगवायला पाऊस पडावा लागतो. तो पाऊस म्हणजे कधी कातडीला झालेली जखम, कधी एखादे औषध, कधी मनाला बसलेला धक्का. आणि तरुण मुलांत अगदी नेहमीचा म्हणजे घसा.

हो, घसा! गेल्या काही वर्षांत पाहिलेले एक उदाहरण देतो. माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. एक शिक्षक गृहस्थ आपल्या बावीस वर्षांच्या मुलीला घेऊन आले. मुलीची सोयरीक ठरलेली, साखरपुडा दिवाळीनंतर. नवरात्रात तिला ताप येऊन घसा धरला होता, तो चारपाच दिवसांत उतरला. पंधरा दिवसांनी पोटावर, पाठीवर, दंडांवर लाल ठिपके उठले. पावसाचे थेंब पडावेत तसे, शेकड्यांनी. आजीचे निदान गोवर. शेजारणीचे मत उष्णता. आईच्या मनात काय होते ते तिने मुलीला बाहेर बसवून मला विचारले, “डॉक्टरसाहेब, हे ‘ते’ तर नाही ना?” मी ठिपका हळूच खरवडला, खवले निघाले, खाली रक्ताचे टाचणीएवढे ठिपके दिसले. मग घसा पाहिला. टॉन्सिल बोराएवढे सुजलेले. रक्तात स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूची अलीकडची खूण मिळाली. मी घराण्याची चौकशी केली. नाही, कोणालाच नाही, असे दोघेही ठामपणे म्हणाले. जरा वेळाने शिक्षक चष्मा पुसत म्हणाले, “माझा थोरला भाऊ पुण्याला असतो. उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा सदरा घालतो. का, ते आम्ही त्याला कधी विचारलं नाही.”

बी पुण्याच्या काकांच्या घराण्यातले, पाऊस नवरात्रातल्या घशाचा. असे का होते, याचा उलगडा शास्त्रज्ञांनी असा केला आहे. घशात स्ट्रेप्टोकॉकस शिरला की शरीराचे पहारेकरी त्याच्यावर चालून जातात आणि त्याचे तोंड लक्षात ठेवतात. पण या जंतूच्या अंगावरचे एक प्रथिन आपल्या कातडीतल्या केराटिन नावाच्या प्रथिनासारखे दिसते. ज्यांच्या अंगी ते जनुकांचे बी आहे त्यांचे पहारेकरी इथे गफलत करतात. चोर पळून गेल्यावर चोरासारखा दिसणारा घरचाच माणूस त्यांना आढळतो आणि ते त्यालाच झोडपत सुटतात. म्हणजे जंतू घशात, मार कातडीला. चट्ट्यात जंतू नसतोच. मग तो दुसऱ्याला लागणार कुठून?

तर मग पेनिसिलिन देऊन चट्टे पळवावेत, असे कोणाच्याही मनात येईल. घशासाठी औषध द्यावे, ते योग्यच. पण त्याने चट्टे लवकर जातात, असे पुराव्याने अजून सिद्ध झालेले नाही. पहारेकरी एकदा बिथरले की, चोर पकडला म्हणून लगेच शांत होत नाहीत. टॉन्सिलची गोष्ट थोडी निराळी. आइसलँडमध्ये, घसा आला की ज्यांचे चट्टे वाढत, अशा २९ रोग्यांची दोन वर्षे पाहणी केली आणि २०१२ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १५ जणांचे टॉन्सिल काढले. त्यांतल्या १३ जणांचे चट्टे टिकाऊपणे कमी झाले, कोणाचे तिसऱ्या हिश्शाने तर कोणाचे जवळजवळ सगळे. म्हणून प्रत्येक सोरायसिसवाल्याने टॉन्सिल कापायला धावावे असे नाही. वारंवार घसा धरतो आणि दर वेळी कातडी पेटते, असा संबंध स्पष्ट असेल तरच तज्ज्ञाशी हा विषय काढावा. आणखी एक गोष्ट : तरण्याताठ्या माणसात एकाएकी फार जोराचा सोरायसिस उसळला, तर डॉक्टर एचआयव्हीची तपासणी सांगतात. त्यात डॉक्टरने अपमान केला असे मानू नये. त्या विषाणूमुळे पहारेकऱ्यांची शिस्तच मोडते आणि मग हा रोग बेफाम होतो.

त्या मुलीचे पुढे काय झाले, ते सांगतो. थेंबासारखे उठणारे हे चट्टे पुष्कळदा तीन-चार महिन्यांत आपले आपण ओसरतात. मी साधे मलम, तेल आणि सकाळचे कोवळे ऊन सांगितले. आईचा प्रश्न वेगळाच होता : “मुलाकडच्यांना सांगायचं का?” मी म्हटले, “सांगायचं. आणि आजच.” शिक्षकांनी धैर्य केले. ते एकटे गेले नाहीत, पुण्याच्या भावाला बोलावून बरोबर घेऊन गेले. त्या काकांनी म्हणे भावी व्याह्यांच्या ओसरीवर बसून आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत बाह्या वर केल्या आणि म्हणाले, “हे तीस वर्षं आहे. बायकोला झालेलं नाही, दोन मुलांना झालेलं नाही.” मुलाचे वडील दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले. त्यांना लेखी हवे होते. मी लिहून दिले की, हा रोग स्पर्शाने, कपड्याने, ताटातून किंवा संसारातून दुसऱ्याला लागत नाही. ‘पुन्हा होणार नाही’ हे वाक्य मात्र मी लिहिले नाही. ते कोणाही प्रामाणिक डॉक्टरला लिहिता येणार नाही. गृहस्थ कागद हातात धरून बराच वेळ बसले. मग मुलांना होण्याचा आकडा विचारला. मी चौदा म्हणालो. ते म्हणाले, “माझ्या घरात मधुमेह आहे, तो आम्ही त्यांना सांगितलेला नाही. आता आम्हालाही सांगायला पाहिजे.” लग्न माघात झाले. मुलीच्या एका कोपरावर चट्टा राहिला आहे. ती अर्ध्या बाह्यांची पोलकी घालते.

आता उपचार. या रोगाच्या औषधांच्या इतिहासात आपल्या देशाचा वाटा मोठा गमतीचा आहे. गेल्या शतकाच्या आधीपासून मुंबईच्या बाजारात गजकर्णावर ‘गोवा पावडर’ विकली जाई. ती गोव्याची नव्हतीच. ब्राझीलच्या जंगलातल्या एका झाडाच्या खोडातली ती भुकटी पोर्तुगीज गलबतांतून गोव्यात उतरे आणि पुढे देशभर जाई. लंडनच्या बालमॅनो स्क्वायर नावाच्या डॉक्टरने १८७६ च्या सुमारास ती सोरायसिसवर वापरून पाहिली आणि चट्टे विरघळले. पहिल्या महायुद्धात या भुकटीची टंचाई पडली तेव्हा जर्मन डॉक्टरांनी १९१६ साली तिची कृत्रिम भावंड वापरात आणली. ती डिथ्रॅनॉल या नावाने अजून आहे. कपड्यांना डाग पाडते, पण काम करते. दुसरे उदाहरण बावचीचे. आपल्या वैद्यांनी कोडावर वापरलेल्या या बियांत सोरालेन नावाचे द्रव्य असते. त्याच जातीची गोळी घेऊन ठरावीक नीलातीत किरण अंगावर घेण्याची पद्धत अमेरिकेत १९७४ साली सोरायसिससाठी पुढे आली. पण म्हणून बावचीचे तेल चोपडून उन्हात बसू नका. कातडी भाजते, फोड येतात. आज नुसत्या निवडक किरणांचा शेक देतात. तो अधिक सोपा आणि गरोदर स्त्रियांनाही चालणारा आहे.

तिसरे नाव डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे. भीमावरमचा हा मुलगा अमेरिकेत लेडरले कंपनीच्या प्रयोगशाळेचा संशोधनप्रमुख झाला. त्यांच्या चमूने फॉलिक आम्लाला अडवणारी जी औषधे तयार केली, त्यांतले एक १९५१ साली संधिवाताच्या रोग्यांना देताना दिसले की, त्यांतल्या काहींचे चट्टे नाहीसे झाले. त्याच कुळातले मेथोट्रेक्सेट आजही या रोगाचे सर्वांत स्वस्त आणि भरवशाचे पोटात घेण्याचे औषध आहे. मात्र एक गोष्ट पाटीवर लिहून ठेवावी : ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतते. मी रोग्यांना सांगतो की, तुमच्या गावच्या आठवडी बाजाराचा वार तोच गोळीचा वार. तिच्याबरोबर दारू चालत नाही, मूल हवे असलेल्या बाईला ती चालत नाही आणि यकृत व रक्त यांची तपासणी चुकवता येत नाही.

ही शेवटची अट आमच्या जिल्ह्यात फार अवघड होते. दसरा-दिवाळी झाली की इथून लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवराबायको मिळून ‘एक कोयता’, मुकादमाची उचल घेतलेली, चारसहा महिने फडाच्या कडेला कोपीत राहायचे. एक मजूर मला म्हणाला, “डाक्टर, उसाचं पातं जिथं लागतंय तिथंच लई उठतंय बघा.” त्याने न शिकता तेच सांगितले, जे हाइनरिख कोबनर या जर्मन डॉक्टरने एकोणिसाव्या शतकात नोंदवले होते : सोरायसिसवाल्याच्या कातडीवर जिथे ओरखडा, तिथे नवा चट्टा. उसाच्या पात्याची धार दिवसभर हातापायांवर ओरखडे काढते. घसा धरला तर पाहणारे कोणी नाही. महिन्याचे रक्त तपासायचे तर फड सोडून जायचे कसे? अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिल्ह्याला त्याचा मोठा आधार आहे. पण रोगी कारखान्यावर आणि कागद अंबाजोगाईला, अशी गाठ पडते. अशा रोग्याला जोखमीची गोळी देण्यापेक्षा मी पूर्ण बाह्यांचा सदरा, पायांत मोजे, मलमाच्या भरपूर नळ्या आणि जिथे जाल तिथल्या सरकारी दवाखान्यासाठी एक चिठ्ठी देतो. शास्त्र पुढे गेले तरी ते फडापर्यंत पोचायला रस्ता लागतो, याची आठवण शहरातल्या वाचकांनी या दिवाळीत गुळाचा खडा तोंडात टाकताना ठेवावी.

अलीकडच्या इंजेक्शनांची जाहिरात पुष्कळांनी पाहिली असेल. पहारेकऱ्यांच्या आपसातल्या निरोपांपैकी नेमका एक निरोप ती अडवतात. काहींनी चट्टे जवळजवळ पूर्ण जातात. बंगलोरच्या बायोकॉन कंपनीने असे एक औषध २०१३ साली आपल्याकडेच तयार करून बाजारात आणले. खर्च मात्र अजून सगळ्यांना झेपणारा नाही. आणि आपल्या देशात एक खबरदारी अनिवार्य आहे : छातीत दबून बसलेला क्षय यांतल्या काही औषधांनी उठून बसतो, म्हणून आधी क्षयाची तपासणी करावी लागते. ती टाळा, असे सांगणाऱ्याचे ऐकू नये.

आणखी कोणाचे ऐकू नये? ‘एका सुईत साफ’ म्हणून सांगणाऱ्याचे. ती सुई बहुधा स्टिरॉइडची असते. चट्टे आठवड्यात जातात आणि औषधाचा जोर ओसरला की अंगभर लाली किंवा पुवाचे फोड घेऊन परत येतात. हीच गोष्ट दुकानात न विचारता मिळणाऱ्या, तीन-तीन औषधांची खिचडी असलेल्या नळ्यांची आणि ‘गुप्त मुळी’च्या पुड्यांची. रक्तदाबाची, मलेरियाची, मनोविकाराची काही औषधे हा रोग वाढवतात. तेव्हा कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी सोरायसिस आहे, हे आधी सांगा. वांगे, दूध-मासे यांच्यावर लोक फार राग काढतात. त्यांचा दोष सिद्ध झालेला नाही. तंबाखू-विडी, दारू आणि वाढलेले पोट यांचा मात्र झालेला आहे. आणि हा रोग असलेल्याने साखर व रक्तदाब वर्षातून एकदा पाहून घ्यावा, कारण ही दुखणी त्याच्या सोबतीने येतात.

शेवटी दिवाळीपुरते. अभ्यंगाचे तेल या कातडीला औषधच आहे. खोबरेल किंवा तिळाचे सढळ हाताने लावा, नरकचतुर्दशीलाच नव्हे, संक्रांत उलटेपर्यंत रोज. उटणे खसाखसा चोळू नका, ओरखड्यावर चट्टा उठतो हे विसरू नका. पाणी कढत नको, कोमट पुरे. मुलांचा घसा दुखला तर फटाक्यांच्या धुराला दोष देऊन स्वस्थ बसू नका, तोंड उघडून पाहा. आणि पाहुण्यांत कोणी पूर्ण बाह्यांत दिसले, तर भाऊबीजेच्या ओवाळणीला त्यांना आपल्या शेजारच्या पाटावर बसवा. एवढ्याने त्यांचा रोग जाणार नाही. पण पुढच्या वर्षीच्या पत्राखाली ते कदाचित आपले नाव लिहितील.